मनगटाचे बसवलेले हाड पुन्हा सरकेल का, याचा अंदाज कसा बांधतात?

आपण कळवलेली हकिगत आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आपल्या आईंचे वय ६६ आहे. चार दिवसांपूर्वी पावसाने निसरड्या झालेल्या अंगणातल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि त्या उजव्या हाताच्या तळव्यावर पडल्या. तालुक्याच्या गावच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी त्याच संध्याकाळी हाताला भूल देऊन हाड बसवले, कच्चे प्लास्टर घातले आणि नंतरचा एक्स-रे पाहून "चांगले बसले आहे, सहा आठवडे प्लास्टर ठेवू" असे सांगितले. तेच एक्स-रे मोबाइलवर पाहिलेल्या दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे असे पडले की हे हाड टिकणार नाही, प्लेट बसवून घ्यावी. नात्यातले काही जण हाडवैद्याकडे नेण्याचा आग्रह धरत आहेत. आई एकट्या राहतात, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात आणि ब्लाउज शिवून थोडी मिळकतही करतात. दोन डॉक्टरांपैकी बरोबर कोण, आणि हाड सरकणार की नाही हे आजच सांगता येते का, असा आपला प्रश्न आहे.

ठामपणे सांगता येत नाही. अंदाज मात्र बऱ्यापैकी बांधता येतो, आणि तो कशावरून बांधायचा हे रुग्णाच्या घरच्यांनी समजून घेतले तर पुढचे दोन आठवडे पुष्कळ सोपे जातात. जिल्ह्याच्या गावी मी गेली २४ वर्षे हाडांची कामे करतो आणि त्यात मनगटाचे फ्रॅक्चर जवळजवळ रोजचे आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या प्रश्नात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. हाड सरकेल का, हा पहिला. आणि सरकलेच तर या हाताचे त्यामुळे किती अडेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एक्स-रेवरून द्यायचे असते, दुसऱ्याचे माणसाकडे पाहून. आपल्या दोन्ही डॉक्टरांनी बहुधा यातल्या एकेका प्रश्नाचे उत्तर दिले आहे, म्हणून ते परस्परविरोधी वाटते आहे.

आधी मोडते काय ते पाहू. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे ते रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे ते अल्ना. मनगटाचा सांधा मुख्यतः रेडियसच्या रुंद टोकावर टेकलेला असतो. या टोकाला वरून पातळ कवच आणि आत जाळीदार हाड असते, आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये ही जाळी झपाट्याने विरळ होत जाते. माणूस तळव्यावर पडतो तेव्हा मनगट मागे वळलेले असते. त्या क्षणी रेडियसची तळव्याकडची बाजू ताणली जाऊन तडकते आणि हाताच्या पाठीकडची बाजू चेपली जाते. तडकलेली बाजू बहुधा एका सरळ रेषेत तुटते. चेपलेल्या बाजूचा मात्र चुरा होतो.

हाड बसवताना आम्ही हात ओढून, टोक पुढे ढकलून मूळ जागी आणतो आणि नंतरच्या एक्स-रेवर आकार सुरेख दिसतो. पण भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा कोपरा चेपला असेल आणि तो बाहेरून ओढून सरळ केला, तर कोपरा उभा दिसतो आणि आतला पुठ्ठा मात्र मोडलेलाच राहतो. वर ओझे ठेवले की खोके पुन्हा त्याच जागी बसते. मनगटावर हे ओझे सतत असते. बोटे हलवणारे मुख्य स्नायू मनगट ओलांडून जातात आणि हात झोळीत निवांत असला तरी ते रेडियसचे टोक कोपराच्या दिशेने खेचत राहतात. आतल्या पोकळीत नवे हाड तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर टोक पुन्हा मागे कलते, आखूड होते, किंवा दोन्ही होते. बसवलेले हाड सरकते ते असे, आणि त्यात बहुतेक वेळा ना रुग्णाची चूक असते ना प्लास्टर घालणाऱ्याची.

यातूनच माझे पहिले सांगणे निघते. हाड टिकेल का हे ठरवताना बसवल्यानंतरच्या सुरेख एक्स-रेवर विसंबू नका, बसवण्यापूर्वीचा एक्स-रे पुढे ठेवा. मूळ इजा किती जोराची होती आणि चुरा किती झाला, हे त्या पहिल्या एक्स-रेवरच खरे दिसते. व्यवसायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्याकडून ही चूक झाली आहे. साठीच्या एका बाईंचे हाड इतके नेमके बसले होते की तो एक्स-रे मी मदतनीसांना बोलावून दाखवला, पहिला एक्स-रे पाकिटात परत ठेवून दिला आणि बाईंना थेट सहा आठवड्यांनी बोलावले. प्लास्टर काढले तेव्हा मनगट बाजूने पाहता उलट्या ठेवलेल्या काट्याच्या चमच्यासारखे वाकलेले होते. पाकिटातला पहिला एक्स-रे पुन्हा बाहेर काढून पाहिला, तर पाठीकडच्या बाजूचा चुरा त्यात स्पष्ट होता. त्या दिवसापासून मी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावल्याशिवाय रुग्णाला पुढची तारीख देत नाही.

आता अंदाजाच्या खुणांकडे वळू. १९८९ साली लाफोंतेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा मांडल्या आणि आजही जगभरचे शिकाऊ डॉक्टर त्या पाठ करतात. बसवण्यापूर्वी टोक २० अंशांपेक्षा जास्त मागे कललेले असणे, पाठीकडच्या बाजूचा चुरा, भेग सांध्याच्या आत गेलेली असणे, सोबत अल्नाही मोडलेले असणे आणि वय ६० च्या पुढे असणे, अशा त्या पाच खुणा होत. यांपैकी तीन किंवा अधिक असतील तर नुसत्या प्लास्टरमध्ये हाड सरकण्याची शक्यता बरीच धरावी, असे त्यांचे म्हणणे होते. आपण दिलेल्या मापांनुसार आईंचे हाड २५ अंश मागे कलले होते, पाठीकडे चुरा होता आणि अल्नाचे टोकही तुटले होते. वय ६६ आहे आणि सांधा शाबूत आहे. म्हणजे पाचांपैकी चार खुणा हजर आहेत. दुसऱ्या डॉक्टरांनी मोबाइलवर पाहून जे सांगितले त्यामागे हाच हिशेब असणार, आणि तो हिशेब चुकीचा नाही.

मात्र हा हिशेब म्हणजे भाकीत नव्हे. तीन किंवा अधिक खुणा असलेल्या रुग्णांचाच २००४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. त्यात जवळपास निम्म्या रुग्णांचे हाड नुसत्या बाह्य आधारात चार आठवड्यांनंतरही पुरेसे जागेवर होते, आणि सरकण्याशी खरा संबंध दिसला तो फक्त वयाचा. पुढे २००६ साली एडिंबरोच्या डॉक्टरांनी सुमारे ४००० फ्रॅक्चरच्या नोंदींवरून जे गणित मांडले, त्यात वय, चुरा आणि अल्नाच्या तुलनेत रेडियस किती आखूड झाले आहे, या तीन गोष्टी सर्वांत सातत्याने पुढे आल्या. माझा स्वतःचा अनुभव या तिघांशी जुळतो. पाचही खुणांना एकसारखे वजन देणे मी केव्हाच सोडले. अल्नाच्या टोकाची एवढीशी कपची उडालेली असेल तर मी तिची नोंद करतो, पण तिच्यावरून निर्णय फिरवत नाही. चुरा आणि आखूडपणा मात्र मला थांबवतात.

आखूडपणाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण रुग्णांना तो कोणी समजावून सांगत नाही. सामान्य मनगटात रेडियसचे सांध्याकडचे तोंड तळव्याच्या बाजूला साधारण ११ अंश झुकलेले असते आणि दोन्ही हाडांची टोके जवळपास एका पातळीवर असतात. चांगले घातलेले प्लास्टर तीन ठिकाणी नेमका दाब देऊन हा झुकाव बऱ्याच अंशी धरून ठेवू शकते. लांबी धरून ठेवणे मात्र प्लास्टरला जमत नाही, कारण लांबी टिकवायची तर हाताला सतत कोणीतरी ओढून धरायला हवे. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातले तरी त्यात फरक पडत नाही. म्हणून बसवण्यापूर्वीच्या एक्स-रेवर रेडियस तीन-चार मिलीमीटर आखूड झालेले असेल आणि चुराही असेल, तर पुढच्या काही आठवड्यांत ते पुन्हा तेवढेच आखूड होईल असे मी मनाशी धरून चालतो. याचा परिणाम काय, तर मनगटावरच्या भारापैकी साधारण चार हिस्से रेडियसवर आणि एक हिस्सा अल्नाच्या बाजूवर पडत असतो. रेडियस अडीच मिलीमीटर आखूड झाले की अल्नाच्या बाजूचा वाटा दुपटीने वाढतो, असे प्रयोगशाळेतल्या मोजमापांत दिसले आहे. करंगळीच्या बाजूला दुखत राहणे आणि तळवा वर-खाली फिरवताना अडणे या तक्रारी तिथूनच येतात.

आणखी एक खूण मी पाहतो. ती त्या पाचांच्या यादीत नाही, पण माझ्या मते मोलाची आहे. बसवल्यानंतरच्या बाजूच्या एक्स-रेवर तळव्याकडच्या कवचाची पांढरी रेघ पाहावी. मोडलेल्या जागी ती खालून वर सलग जुळलेली असेल, म्हणजे एक कडा दुसऱ्या कडेवर नीट टेकलेली असेल, तर पाठीकडे पोकळी असूनही त्या हाडाला निदान एक खांब उरलेला असतो. ती रेघ पायरीसारखी तुटलेली असेल, किंवा वरचा तुकडा खालच्याच्या आत शिरलेला असेल, तर दोन्ही खांब गेले असे समजावे. ही रेघ कशी आहे ते आपण लिहिलेले नाही. आपल्या डॉक्टरांना नेमके एवढेच विचारा की तळव्याकडची कड जुळली आहे का. एवढ्या एका उत्तराने माझा अंदाज बराच इकडचा तिकडे होऊ शकतो.

मोबाइलवर पाठवलेल्या फोटोंवरून मात्र मापे काढू नयेत. एक्स-रे काढताना हात जरासा जरी फिरलेला असेल तरी बाजूच्या चित्रातला झुकाव काही अंशांनी बदललेला दिसतो. त्यात खिडकीला धरलेल्या फिल्मचा तिरका फोटो आला की दहा अंश आणि पंधरा अंश यांतला फरक हातचा जातो. मी आजही फिल्म समोरच्या प्रकाशपेटीवर लावून बारीक टोकाच्या पेन्सिलीने रेघा आखतो आणि कोनमापकाने मोजतो. संगणकावर मोजले तरी चालते, पण एक्स-रे बाजूने नेमका काढलेला असला पाहिजे.

वरचे सर्व ज्या जातीच्या फ्रॅक्चरला लागू पडते, त्यात टोक हाताच्या पाठीकडे कललेले असते आणि सांध्याची फारशी मोडतोड झालेली नसते. टोक तळव्याच्या बाजूला घसरले असेल, किंवा सांध्याची कडच तुटून हाताच्या पंजासकट पुढे सरकली असेल, तर अंदाज बांधत बसण्यात अर्थ नसतो. ती फ्रॅक्चर प्लास्टरमध्ये सहसा राहत नाहीत आणि त्यांचे ऑपरेशनच करावे लागते. आईंचे तसे नाही.

आता दुसरा प्रश्न घेतो, कारण निर्णय खरा तिथे होतो. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या फ्रॅक्चरचे वर्णन प्रसिद्ध केले. एक्स-रेचा शोध १८९५ चा, म्हणजे त्यांनी हे सारे बोटांनी चाचपून लिहिले होते. मनगट वाकडे राहिले तरी काही काळाने हात दुखायचा थांबतो आणि कामाला लागतो, असे त्यांचे निरीक्षण होते. हे सगळ्यांना लागू पडत नाही. पण वयस्कर रुग्णांबाबत त्यात किती तथ्य आहे, हे गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुन्हा दिसून आले आहे. ऑस्ट्रियात ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडून एका गटाला प्लेट आणि दुसऱ्याला प्लास्टर दिले गेले. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेरीस प्लेटच्या गटाचे एक्स-रे कितीतरी चांगले होते आणि मुठीची ताकदही थोडी जास्त होती, पण दुखणे, मनगटाची हालचाल आणि रोजची कामे यांत लक्षणीय फरक उरला नव्हता, आणि गुंतागुंती प्लेटच्या गटात अधिक होत्या. ब्रिटनमधल्या ३६ रुग्णालयांतील ५०० प्रौढ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली आला. त्यात हाड बसवल्यानंतर एका गटाला हाड धरून ठेवणाऱ्या धातूच्या तारा घातल्या आणि दुसऱ्याला नुसते प्लास्टर. वर्षभराने दोन्ही गटांचे हात सारखेच चालत होते. मात्र प्लास्टरच्या गटात आठांतल्या साधारण एकाला हाड सरकल्यामुळे पहिल्या सहा आठवड्यांतच ऑपरेशन करून घ्यावे लागले.

माझ्या डोळ्यांसमोर या संदर्भात नेहमी दोन हात येतात. एक ३८ वर्षांच्या गवंड्याचा. त्याच्या सांध्यातच जेमतेम अडीच मिलीमीटरची पायरी राहिली होती आणि त्याने ऑपरेशन नको म्हटले. मीही पुरेसा आग्रह धरला नाही. तीन वर्षांत त्याचे मनगट झिजले आणि थापी धरून भिंतीला गिलावा करणे त्याला जमेनासे झाले. दुसरा हात ७१ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकांचा. त्यांचे हाड १८ अंश मागे कलूनच जुळले आणि मनगटाचा वाक लांबूनही दिसतो. पण सहा महिन्यांनी त्यांनी माझ्यासमोर परातीत पीठ मळून आणि भाकरी थापून दाखवली, आणि दुखते का म्हणून विचारले तेव्हा फक्त बादली उचलताना थोडे जाणवते म्हणाल्या. पहिल्या हाताला अडीच मिलीमीटरही जड गेले आणि दुसऱ्याने बरेच काही सोसले. वय, काम आणि सांधा शाबूत आहे की नाही, या तीन गोष्टींनी हा फरक पडतो. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२० साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हीच दिशा आहे. हाड बसवल्यानंतर तीन मिलीमीटरपेक्षा जास्त आखूडपणा, दहा अंशांपेक्षा जास्त मागचा कल किंवा सांध्यात दोन मिलीमीटरपेक्षा मोठी पायरी उरली असेल तर ऑपरेशनकडे झुकावे, ही मर्यादा त्यांनी मुख्यतः ६५ च्या आतल्या रुग्णांसाठी ठेवली आहे. त्यापुढच्या वयात ऑपरेशनने दीर्घकाळचा फायदा वाढतोच असे नाही, असे त्या नमूद करतात.

वयाचा आकडाही डोळे झाकून धरू नये. शेताच्या बांधावरून रोज चालणारी सत्तरीची बाई आणि मधुमेहाने थकलेली साठीची बाई यांच्यात मी पहिलीलाच तरुण धरीन. जिला उठताना त्याच हाताने काठी किंवा वॉकर धरावा लागतो, तिच्या मनगटावर अख्ख्या शरीराचा भार येतो. जिचा दुसरा हात अर्धांगाने निकामी आहे, तिला हा एकच हात उरलेला असतो. अशा वेळी ऐंशीव्या वर्षीही मी प्लेटचा विचार करतो. उलट रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, त्वचा कागदासारखी पातळ असेल, भूल देणे जोखमीचे असेल, तर थोडे वाकडे जुळलेले हाड पुष्कळ बरे.

हे सगळे आपल्या आईंना लावून पाहू. हाड सरकण्याची शक्यता मी निम्म्याहून अधिक धरतो, कारण चुरा आहे, वय आहे आणि बसवण्यापूर्वी रेडियस तीन मिलीमीटर आखूड झालेले होते. सांधा शाबूत आहे ही जमेची मोठी बाजू. आज टोक सरळ आहे आणि आखूडपणा एकच मिलीमीटर आहे, म्हणजे आज ऑपरेशनची घाई करण्याजोगे काही नाही. त्या एकट्या राहतात आणि उजव्या हाताने शिवणकाम करतात, याला माझ्या लेखी वजन आहे. कात्री चालवायला मुठीची ताकद लागते, कापड सुईखाली सरकवताना आणि मशीनचे चाक फिरवताना तळवा सहज वळावा लागतो, आणि आखूडपणाने नेमके हेच अडते. म्हणून त्यांच्या बाबतीत मी कलण्यापेक्षा लांबीवर जास्त नजर ठेवीन. मागचा कल दहा-बारा अंशांपर्यंत आला तर मी सहन करीन, पंधराच्या पुढे गेला किंवा आखूडपणा तीन मिलीमीटर ओलांडू लागला तर त्यांच्याशी ऑपरेशनविषयी मोकळेपणाने बोलेन आणि शेवटचा शब्द त्यांचा मानीन. माझ्याइतकाच अनुभव असलेले दुसरे डॉक्टर आजच प्लेट सुचवतील, तेही अयोग्य म्हणता येणार नाही. पण हाड सरकते आहे का हे पाहायचेच नाही, थेट सहा आठवड्यांनी प्लास्टर काढायचे, हा मार्ग मात्र आईंसाठी मला मान्य नाही.

पाहायचे केव्हा, तर पहिला एक्स-रे हाड बसवल्यापासून सात ते दहा दिवसांच्या आत आणि दुसरा चौदाव्या-पंधराव्या दिवशी. दोन्ही वेळा मागचे सगळे एक्स-रे सोबत न्या. फक्त आधीच्या एकाशी तुलना केली तर दर खेपेला "थोडेच सरकले" असे वाटते आणि एकूण किती सरकले ते नजरेतून सुटते. चुरा जास्त असेल तर मी तिसऱ्या आठवड्यातही एक एक्स-रे काढतो. ही घाई अशासाठी की साधारण तीन आठवड्यांनंतर हाड चिकट होऊ लागते. तोवर ऑपरेशन करणे सोपे असते, नंतर जुळत आलेले हाड पुन्हा मोडून सरळ करावे लागते आणि ते काम कितीतरी मोठे असते. सरकलेले हाड दुसऱ्यांदा ओढून पुन्हा प्लास्टर घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर या वयात आणि इतका चुरा असताना ते टिकेल का, हे जरूर विचारा. तरुण रुग्णात मी तो प्रयत्न करतो, पण साठीनंतर ते बहुधा पुन्हा पहिल्याच जागी जाऊन बसते.

प्लास्टरबद्दल एक बारीक गोष्ट रोज पाहावी लागते. पहिल्या दिवशी सूज असते म्हणून कच्चे प्लास्टर घालतात. आठवड्याभरात सूज उतरते आणि तेच प्लास्टर सैल होते. आईंच्या प्लास्टरच्या कडेतून आपले बोट सहज आत जाऊन फिरू लागले, तर ते प्लास्टर आता काही धरून ठेवत नाही असे समजून ते बदलून घ्या. बदलताना हाताला आकार देऊन, तीन ठिकाणी तळव्याने दाबून पक्के प्लास्टर घालावे लागते. मनगट मात्र खूप खाली वाकवून ठेवलेले नसावे. पूर्वी हाड सरकू नये म्हणून तसे ठेवत असत. त्याने हाताची नस (मज्जातंतू) दबते, बोटे आखडतात आणि नंतर हात महिनोन्महिने दुखत राहतो. बोटांची मागची गाठ, म्हणजे मूठ वळल्यावर वर येते ती, प्लास्टरच्या बाहेर मोकळी असावी आणि आईंनी पहिल्या दिवसापासून तासातासाला पूर्ण मूठ वळावी. अंगठी आणि बांगड्या अजून हातात असतील तर आजच काढा. हिरव्या बांगड्या उतरवायला बायका तयार होत नाहीत हे मी जाणतो, आणि अशा वेळी त्या दुसऱ्या हातात भरा असे सांगतो. पण सुजलेल्या हातात रुतलेली काच कापून काढताना होणारे हाल मी पाहिले आहेत. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे बधिर होणे, बोटे निळसर पडणे, किंवा बोट सरळ करताना जीव कासावीस होईल असे दुखणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हाडवैद्याविषयी आपण संकोचाने विचारले आहे, तर स्पष्ट लिहितो. नेऊ नका. तेल लावून चोळल्याने चुऱ्याची पोकळी भरत नाही, आणि बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्याने सुजलेल्या हाताचा रक्तपुरवठा तुटू शकतो. कामट्या सोडल्यावर काळी पडलेली बोटे मी पाहिली आहेत आणि त्यांतली काही वाचवता आली नाहीत. आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना माया आहे म्हणूनच ते बोलतात. त्यांना हवे तर पुढच्या एक्स-रेच्या वेळी सोबत न्या.

ऑपरेशनची वेळ आलीच, तर या वयात नुसत्या तारांपेक्षा तळव्याच्या बाजूने बसवायची प्लेट मला अधिक भरवशाची वाटते. या प्लेटचे स्क्रू आट्यांनी प्लेटलाच जखडले जातात आणि सांध्याच्या पृष्ठभागाखाली टेकूसारखे उभे राहतात, त्यामुळे हाड ठिसूळ असले तरी टोक खचत नाही. विरळ हाडात तारांची पकड सैल पडते. प्लेटचेही धोके आहेत. ती सांध्याच्या फार जवळ बसली तर अंगठा वाकवणारी शीर (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तिच्यावर घासत राहते आणि स्क्रू लांब झाला तर पाठीकडच्या शिरा दुखावतात. किती अशी ऑपरेशने केली आहेत, हे डॉक्टरांना विचारण्यात गैर काही नाही.

दोन गोष्टी प्लास्टर निघाल्यानंतरच्या. अंगठा वर उचलणारी शीर काही वेळा फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी अचानक तुटते, आणि हे विशेषतः न सरकलेल्या, साध्या दिसणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये होते. तळवा टेबलावर पालथा ठेवून आईंना फक्त अंगठा वर उचलता येतो का, हे दर आठवड्याला पाहावे. आणि उभ्याने पडून मनगट मोडले, म्हणजे हाडे ठिसूळ झाली आहेत का याची तपासणी व्हायलाच हवी. घनता मोजणारी डेक्सा चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा होते, सोबत रक्तातील ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पाहावे. मनगटाचे हाड जुळले की रुग्ण परत येत नाहीत आणि ही तपासणी राहून जाते. त्यांतल्याच काहींना मी पुढे काही वर्षांनी मांडीचे हाड खुब्यात मोडलेल्या अवस्थेत स्ट्रेचरवर पाहिले आहे. पुढच्या एक्स-रेच्या दिवशीच ही चाचणी लिहून मागा, आणि त्या दिवसाची मापे कळवा, म्हणजे अंदाज कितपत खरा ठरतो आहे ते पाहून पुढचे सांगता येईल.